कॅमेरा फिरू द्या, कान एका जागी बसू द्या

शास्त्रीय संगीताच्या मैफलींचे चित्रण करणारे दिग्दर्शक, कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, संकलक आणि ही चित्रणे करून घेणाऱ्या संगीत मंडळांचे कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तबला शिकवतो. आमच्या पिढीने मैफल आधी सभागृहात ऐकली आणि मग तिची कॅसेट शोधली. आताची मुले मैफल आधी फोनवर पाहतात आणि जमले तर पुढे कधीतरी प्रत्यक्ष ऐकतात. तुम्ही केलेले चित्रण हीच त्यांची पहिली बैठक असते. लहान गावांत आणि परदेशात राहणाऱ्या कित्येकांची तर तीच एकमेव बैठक. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

मागणी एका वाक्यात सांगतो. चित्रात जो कलाकार ज्या बाजूला दिसतो त्याच बाजूने त्याचा आवाज येऊ द्या, आणि एकदा ठरलेली बाजू मैफल संपेपर्यंत हलवू नका.

तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईवर पडणारे बोट कुठे टेकते आणि कडेच्या किनारीवरून कसे उचलले जाते, हे सभागृहात पहिल्या रांगेतल्या माणसालाही नीट दिसत नाही. ते आज माझ्या विद्यार्थ्याला घरबसल्या दिसते. आवाजही पूर्वीच्या मानाने कितीतरी स्वच्छ झाला आहे. पण चित्र एकाने केलेले असते, आवाज दुसऱ्याने, आणि शेवटी तिसरा माणूस ते दोन्ही एकमेकांना जोडून मोकळा होतो. डोळे आणि कान दोन्ही उघडे ठेवून पूर्ण चित्रण एकदा कोणी पाहिले आहे, असे फार थोड्या वेळा जाणवते.

एक उदाहरण जवळून दाखवतो. संस्थेचे आणि कलाकारांचे नाव घेत नाही, कारण तक्रार त्यांच्यापुरती नाही. दोन तबल्यांची जुगलबंदी. दोघेही एकाच घराण्याचे, दोन्ही तबले अर्थातच एकाच स्वरात मिळवलेले, पेटीवर तीनतालाचा नगमा, म्हणजे ताल दाखवत फिरत राहणारी धून. समोरच्या कॅमेऱ्यात थोरले वादक डावीकडे बसले आहेत आणि धाकटे उजवीकडे. हेडफोनमध्ये बरोबर उलट. थोरले कायदा, म्हणजे विस्तारासाठी घेतलेली बोलांची रचना, मांडतात तेव्हा डावीकडचे हात चालताना दिसतात आणि बोल उजव्या कानात पडतात. सुरुवातीला डोळा हे सांभाळून घेतो. मग सवाल-जवाब सुरू होतो. आधी पूर्ण आवर्तन, मग अर्धे, मग चार मात्रा, मग दोन. त्या वेगाला कॅमेऱ्याचे कट पुरे पडत नाहीत, आणि पडावेत अशी अपेक्षाही नाही. दिग्दर्शक धाकट्यांच्या हातांवर पोचतो तोवर सवाल पुन्हा थोरल्यांकडे गेलेला असतो. अशा क्षणी कोण वाजवतो आहे हे सांगण्याचे काम कानाचे असते, आणि इथे कानाला चुकीची माहिती दिलेली होती. वर्गात एका तिरकिटाच्या जागेवर चित्रण थांबवून मी विचारले, ही जागा कोणाची? निम्म्या मुलांनी एक नाव घेतले, निम्म्यांनी दुसरे. शेवटी हेडफोन उलटा घालायला सांगितला, डावी बाजू उजव्या कानावर, तेव्हा कुठे सगळ्यांचे एकमत झाले.

सतार आणि सरोद यांच्या जुगलबंदीत वाद्यांचा पोतच वेगळा असतो, त्यामुळे बाजू चुकली तरी कोण वाजवतो आहे ते समजते. पण दोन तबले, दोन बासऱ्या, किंवा पूर्वी एकत्र गाणाऱ्या राजन-साजन मिश्रांसारखे दोन भाऊ असतील तर बाजू हाच ओळखीचा मोठा आधार असतो. तो आधार उलटा दिला तर श्रोत्याचे लक्ष गाण्यावरून उडून ओळख पटवण्यात अडकते.

हे घडते कसे, याची कारणे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. तरी बाहेरून जेवढे दिसते तेवढे लिहितो. कधी डावी-उजवी केबल अदलाबदल होते आणि पुढे कोणीच तपासत नाही. कधी फोनच्या समोरच्या कॅमेऱ्याने थेट प्रक्षेपण करताना चित्रच आरशासारखे उलटते. मग उजव्या हाताने तबला वाजवणारा वादक डावखुरा दिसू लागतो आणि नवखी मुले तशीच बैठक घालून बसतात. पण सर्वांत जास्त वेळा जे होते ते असे: मिक्सिंग करणारा, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज एकत्र बसवणारा माणूस कोणाच्या जागेवरून ऐकायचे हे ठरवतच नाही. गायकासाठी श्रोत्याची जागा, तबल्यासाठी वादकाची जागा, पेटीसाठी जिथे रिकामी जागा उरली असेल ती.

तबल्याचा हा मुद्दा जरा सविस्तर सांगू द्या, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. वादकाच्या उजव्या हाताला तबला असतो आणि डाव्या हाताला डग्गा. समोर बसलेल्या श्रोत्याला हे उलट दिसते, तबला डावीकडे आणि डग्गा उजवीकडे. दोन माइक लावून तबल्याचे मुद्रण करताना अनेक ध्वनिमुद्रक तबल्याचा माइक उजव्या वाहिनीत, म्हणजे उजव्या कानाला जाणाऱ्या आवाजात, टाकतात आणि डग्ग्याचा डाव्या. वादकाला स्वतःला तसे ऐकू येते म्हणून. नुसते ऐकायचे मुद्रण असेल तर त्यात काही बिघडत नाही. पाश्चात्त्य ड्रम्सच्या मुद्रणातही वादकाची बाजू की श्रोत्याची बाजू हा वाद जुना आहे आणि दोन्ही पद्धती चालतात. पण समोरून घेतलेले चित्र सोबत आले की निवड उरत नाही. पडद्यावर डावीकडचा हात किनारीवर ‘ना’ वाजवतो आणि उजव्या कानात तो ऐकू येतो, उजवीकडच्या हाताची घिस्सी, म्हणजे डग्ग्यावर मनगट घासून काढलेला आवाज, डाव्या कानात शिरते. नवशिक्या मुलाला ‘धा’ म्हणजे दोन्ही हात एकत्र, हे नुकतेच कळलेले असते. त्याच्यासाठी हा घोळ लहान नाही.

उलट, शिकवण्यासाठी वादकाच्या खांद्यावरून किंवा वरून, त्याच्याच बाजूने चित्रण केले असेल तर वादकाची बाजूच बरोबर. तिथे तबला उजवीकडे दिसतो, उजवीकडेच ऐकू यावा. मुद्दा कोणती पद्धत श्रेष्ठ हा नाही. डोळा जिथे बसवला आहे तिथेच कान बसवा, एवढेच.

यावर एक सरळ प्रश्न येतो. मग प्रत्येक कटबरोबर आवाजही फिरवायचा का? कॅमेरा पेटीवर गेला की पेटी मधोमध आणायची, तबल्यावर गेला की तबला मधोमध? काही हौशी चित्रणांत हे केलेले मी ऐकले आहे. माझे स्पष्ट मत आहे की हे अजिबात करू नये, आणि हे नुसते माझे मत नाही. चित्रपटसृष्टी हा प्रयोग करून बसली आहे.

मुळात स्टिरिओचा जन्मच चित्र आणि आवाजाच्या या ताटातुटीतून झाला. ॲलन ब्लमलाइन हा लंडनचा ईएमआय कंपनीतला अभियंता. पत्नीबरोबर चित्रपट पाहताना त्याला खटकले की नट पडद्याच्या एका टोकाला असतो आणि आवाज मात्र भलतीकडून येतो, असे सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने ज्या पेटंटसाठी अर्ज केला त्यात आजच्या स्टिरिओची जवळजवळ सगळी तत्त्वे आहेत. १९३५ मध्ये त्याने चाचणीसाठी छोटी चित्रणे केली. माणसे बोलत बोलत मंचाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि आवाज त्यांच्याबरोबर सरकतो, हेज स्टेशनवरून आगगाड्या जातात आणि त्यांचा आवाजही त्याच दिशेने जातो. स्टिरिओ म्हटले की आपल्याला घरातला रेकॉर्ड प्लेयर आठवतो, पण ब्लमलाइनचा पहिला विचार पडद्यासाठी होता. ब्लमलाइन १९४२ मध्ये विमान अपघातात गेला. आपली कल्पना घराघरांत पोचलेली त्याने पाहिली नाही.

पुढे १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला. रुंद पडदा, फिल्मवर चार चुंबकीय ध्वनिपट्ट्या. सुरुवातीच्या त्या चित्रपटांत नट पडद्यावर जिथे असेल तिथून त्याचे संवाद यायचे. एकच लांब दृश्य असेपर्यंत ते सुंदर वाटे. पण कट झाला की तोच नट डावीकडून एकदम उजवीकडे, त्याचा आवाजही उडी मारून उजवीकडे. प्रेक्षकाला दृश्याची उडी चालते, आवाजाची चालत नाही. डोळा पापणी मिटून उघडतो, त्याला तुटकपणाची सवय असते. कानाला पापणी नाही. हळूहळू संवाद मधल्या वाहिनीत स्थिर ठेवण्याची रीत पडली आणि ती आजही टिकून आहे.

संगीतात तर ही उडी आणखी जाचक होते. संवादांत मध्ये मध्ये शांतता असते, मैफलीत तंबोरा कधी थांबत नाही. गायकाच्या मागे डावी-उजवीकडे दोन तंबोरे असतात तेव्हा त्यांच्या झंकाराचा एक रुंद, अखंड पट तयार होतो आणि त्यावर सगळी मैफल उभी राहते. कटबरोबर तो पट हलला की बैठकच हलते. विलंबित एकतालात एक आवर्तन सहज मिनिटभर चालते. तेवढ्यात तुम्ही दहा कट करता. दहा वेळा श्रोत्याला उचलून दुसऱ्या खुर्चीवर बसवले तर तो समेवर पोचणार कसा?

पाश्चात्त्य वाद्यवृंदांचे चित्रण करणाऱ्यांनी यातून जी वाट काढली ती मला पटते. १९७० च्या दशकात बीबीसी काही मैफली एकाच वेळी टीव्हीवर आणि रेडिओवर देत असे. टीव्हीवर चित्र, आणि एफएम रेडिओवर त्याच मैफलीचा स्टिरिओ आवाज. घरी लोक टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावत. रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्यांसमोर टीव्ही नसायचा, त्यामुळे कॅमेऱ्याच्या कटप्रमाणे आवाज हलवणे शक्यच नव्हते. आवाज एका चांगल्या खुर्चीवरून घ्यायचा, पहिली व्हायोलिन्स डावीकडे, चेलो आणि डबल बास उजवीकडे, आणि कॅमेऱ्याने त्या चौकटीत हवे तिथे फिरायचे. आजही वाद्यवृंदात बसलेला कॅमेरा वाद्यवृंदचालकाचा चेहरा दाखवतो तेव्हा चित्रात पहिली व्हायोलिन्स उजवीकडे जातात, आवाजात ती डावीकडेच राहतात. क्षणभरासाठी कोणाला खटकत नाही, कारण तेव्हा आपण एक चेहरा पाहत असतो, दिशा शोधत नसतो.

आपल्या बैठकीतही प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, ताटात चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे असते तशी. ख्यालगायनात गायक मध्यभागी, बहुतेक वेळा त्याच्या उजव्या हाताला तबला आणि डाव्या हाताला पेटी, मागे तंबोरे. म्हणजे श्रोत्यांच्या बाजूने तबला डावीकडे आणि पेटी उजवीकडे. प्रत्येक मैफलीत असेच असेल असे नाही, म्हणून त्या दिवशी जे असेल ते लिहून ठेवा. सभागृहात मधोमध, तिसऱ्या-चौथ्या रांगेत एक खुर्ची मनाने ठरवा. तो कान. त्या कानाला जे डावीकडे, ते डावीकडे. मुख्य कॅमेरा, ज्यात सगळी बैठक दिसते, तोही साधारण त्याच रेषेत ठेवा. मग बाकीचे कॅमेरे कुठेही न्या.

कुठेही म्हणजे एका मर्यादेत. चित्रपटातली १८० अंशांची रेषा, म्हणजे डावे-उजवे उलटू नये म्हणून कॅमेऱ्याने न ओलांडायची रेषा, तुम्ही सगळे शिकलेला आहात. तबलावादक आणि पेटीवादक यांना जोडणारी एक रेषा मनात ओढा आणि कॅमेरे शक्यतो श्रोत्यांच्या बाजूलाच राहू द्या. गायकाच्या मागून घेतलेले दृश्य मोहक असते: समोर भरलेला मांडव, पहिल्या रांगेतले जाणकार माना डोलावताना. ते जरूर घ्या. पण त्या दृश्यात तबला उजवीकडे गेलेला असतो आणि आवाजात तो डावीकडेच आहे, याची जाणीव ठेवा. आलापीत, तबला थांबलेला असताना ते घेतले तर काहीच अडत नाही. द्रुत लयीत, तबल्याची उठाण सुरू असताना घेतले तर अडते. कॅमेरा कट न करता हळूहळू फिरत मागे गेला तर श्रोता आपणही फिरलो असे समजतो आणि दिशा विसरत नाही. ही निवड संकलनाच्या टेबलावर करायला उशीर होतो, ती चित्रण होतानाच करावी लागते.

आता किती डावीकडे, याबद्दल. इथे थोडे गणित करावे लागते. गायकापासून तबलावादक दीड मीटरवर बसला आहे आणि श्रोता आठ मीटरवर आहे असे धरा. त्याच्या कानाला तबला मध्यापासून सुमारे ११ अंश बाजूला असतो. घरातले दोन स्पीकर नियमाप्रमाणे मध्यापासून ३० अंशांवर ठेवलेले असतात. तबला पूर्ण डाव्या वाहिनीत टाकलात की तो सभागृहात होता त्याच्या जवळजवळ तिप्पट लांब जाऊन बसतो. हेडफोनमध्ये तर तो थेट कानाच्या पाळीवर वाजतो. आणि डोळा काय पाहतो? ४३ इंची टीव्ही अडीच मीटरवरून पाहिला तर अख्ख्या पडद्याची रुंदी साधारण २१.५ अंश, म्हणजे मध्यापासून कड जेमतेम ११ अंशांवर. ही दोन ११ जुळतात हा योगायोग आहे, पण उपयोगाचा आहे. दोन वाहिन्यांत सुमारे ६ डेसिबलचा फरक ठेवला की स्पीकरवर तबला साधारण तिथेच येतो. पूर्ण डावीकडे नाही, मधोमधही नाही.

तबला आणि डग्गा यांच्या मध्यांत फुटभर अंतर असते. आठ मीटरवरून ते दोन-अडीच अंश होते. म्हणून गाण्याच्या साथीत तबला एका कानात आणि डग्गा दुसऱ्या कानात टाकणे म्हणजे वाद्य अख्ख्या मंचाएवढे रुंद करणे. गायक त्या दोन हातांच्या मध्ये बसल्यासारखा वाटतो. एकल तबलावादनात थोडी रुंदी घेतली तर मी तक्रार करणार नाही, तिथे लक्ष त्याच दोन हातांवर असते. साथीत मात्र वाद्य अरुंद ठेवा आणि त्याच्या जागेवर ठेवा.

आवाज जवळच्या दृश्याबरोबर अजिबात बदलू नये, असेही मी म्हणत नाही. पेटीवर कॅमेरा गेला आणि पेटीवादक गायकाची जागा हुबेहूब उचलतो आहे, तेव्हा पेटी एखाद-दोन डेसिबलने वर आली तर कानाला ती जवळ आल्यासारखी वाटते आणि कोणाला कळतही नाही. पातळी हलवा, जागा हलवू नका.

दृष्टी आवाजाला आपल्याकडे ओढते, हे खरे आहे. बोलक्या बाहुल्यांचा खेळ त्यावरच चालतो. बाहुलीचे ओठ हलतात म्हणून आवाज तिचा वाटतो. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले तेव्हापासून कितीतरी वर्षे आपण मैफली एकाच वाहिनीच्या आवाजात पाहिल्या, आणि कधी दिशा चुकल्याची तक्रार केली नाही. आवाज मध्यातून यायचा, डोळा त्याला हवे तिथे नेऊन बसवायचा. म्हणून माझे सांगणे असे की, बाजू तपासायला वेळ नसेल, माणूस नसेल, तर सरळ एकाच वाहिनीचा आवाज द्या. प्रामाणिक मोनो चुकीच्या स्टिरिओपेक्षा हजारपट बरा. मध्यातला आवाज डोळा ओढून नेऊ शकतो. विरुद्ध कानात ठामपणे बसवलेला आवाज त्याला ओढता येत नाही. हेडफोनवर तर नाहीच, आणि आज मुले हेडफोनवरच ऐकतात.

सभागृहाच्या साउंडवाल्याच्या मिक्सरमधून तार घेऊन तोच आवाज चित्रणाला लावण्याची सवय सगळीकडे आहे. खर्च नाही, त्रास नाही. पण तो आवाज मांडवातल्या श्रोत्यांसाठी केलेला असतो. कडेला बसलेल्याला दुसऱ्या बाजूचा कलाकार ऐकू यावा म्हणून तो बहुधा मोनो असतो, आणि ते योग्यच आहे. शिवाय लहान सभागृहात डग्गा आपल्या अंगच्या जोरावर पोचतो म्हणून मिक्सरमध्ये तो कमी ठेवलेला असतो. ती तार तशीच चित्रणाला जोडली की घरी ऐकणाऱ्याला डग्गा पातळ लागतो आणि दाद तर ऐकूच येत नाही. समेवर मांडवातून उठलेली ‘क्या बात है’ पडद्यावर फक्त उघडलेल्या तोंडांत दिसते. मंचासमोर दोन माइकची एक जोडी लावा. फ्रेंच नभोवाणीने रूढ केलेली ओआरटीएफ रचना, १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, एका छोट्या पट्टीवर बसते. सभागृहाचा श्वास, दाद आणि बैठकीची खरी डावी-उजवी बाजू त्या जोडीत आपोआप येते. जवळच्या माइकांचे आवाज मग त्या ध्वनिचित्रावर नेमके बसवायचे. जोडीत तबला जिथे ऐकू येतो तिथेच त्याचा जवळचा माइक ठेवला की पॅनिंगचा, म्हणजे आवाज किती डावीकडे-उजवीकडे बसवायचा याचा, प्रश्नच मिटतो.

वेळ जुळवणेही याच कामाचा भाग आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सभागृहाच्या मागे, ३० मीटरवर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या माइकवर तबला जवळजवळ ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात ती दोन फ्रेमपेक्षा जास्त होतात. आवाज चित्राच्या पुढे ४० आणि मागे ६० मिलिसेकंदांपेक्षा जास्त जाऊ नये, अशी युरोपातल्या प्रसारण संघटनेची शिफारस आहे. संवादाला ती पुरेशी असेल. रेल्यात, म्हणजे सलग जलद बोलांत, बोट उचललेले दिसते आणि बोल तेव्हा ऐकू येतो, हे तबल्याच्या विद्यार्थ्याला त्याहून कमी फरकातही टोचते. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळे वेगळी असतील तर सुरुवातीला जुळवलेले शेवटी सुटते. दहा लाखांत दहाचा फरक म्हणजे तासाला ३६ मिलिसेकंद. दोन तासांच्या मैफलीत भैरवीपर्यंत जवळजवळ दोन फ्रेमची तफावत पडलेली असते. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी तपासा.

हे सगळे एकदम साधणारी एक साधी गोष्ट आहे. कलाकार मंचावर येण्याआधी, सगळे कॅमेरे आणि सगळे माइक चालू असताना, एका कार्यकर्त्याला श्रोत्यांच्या डावीकडून उजवीकडे मंचावरून चालत जायला सांगा. चालताना त्याने टाळ्या वाजवाव्यात आणि मोठ्याने बोलावे: तबल्याची जागा, गायकाची जागा, पेटीची जागा. अर्ध्या मिनिटाचे काम. केबल उलटी असेल तर तिथेच कळते, चित्र आरशासारखे उलटले असेल तर कळते, आणि टाळीवर सगळ्या कॅमेऱ्यांची वेळ जुळवता येते. चित्रण प्रसिद्ध करण्यापूर्वी हेडफोन लावून, डोळे मिटून तबला कुठे आहे तिकडे बोट करा आणि मग डोळे उघडा. बोट तबल्याकडे असेल तर प्रसिद्ध करा.

संगीत मंडळांच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगतो. तुम्ही वर्गणी गोळा करून, सतरंज्या घालण्यापासून कलाकारांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळे करता, हे मी जवळून पाहिले आहे. चित्रणाचे काम देताना कॅमेरे किती, ड्रोन आहे का, हे विचारले जाते. आवाज कोण करणार आणि तो माणूस संकलनाच्या वेळी चित्र पाहणार का, हेही विचारा. एक कॅमेरा कमी झाला तरी चालेल, त्या पैशात ध्वनिमुद्रकाला संकलनाच्या टेबलापाशी एक दिवस बसवा. बैठकीचा कागद करा, कोण कुठे बसले आणि कोणता माइक कोणत्या वाहिनीत गेला, आणि तो कागद चित्रणाबरोबर जपा. मोठ्या मांडवांत हल्ली मंचाच्या दोन्ही बाजूंना पडदे लावतात. तिथे दाखवले जाणारे चित्र तरी उलटे नाही ना, हे पहिल्या कलाकाराआधी एकदा कोणीतरी मांडवाच्या मागच्या टोकाला जाऊन पाहावे.

आणि मूळ ध्वनिपट्ट्या पुसू नका. प्रत्येक माइकची वेगळी पट्टी, मिक्सिंगच्या आधीची, चित्रणाबरोबर दोन ठिकाणी साठवून ठेवा. चुकीचे मिक्सिंग पुन्हा करता येते. दोन वाहिन्यांत एकदा घट्ट बसलेला तबला नंतर वेगळा काढून जागेवर ठेवणे कठीण असते. वर सांगितलेल्या जुगलबंदीच्या संस्थेला मी पत्र लिहून वेगळ्या पट्ट्या आहेत का असे विचारले होते, त्या उरल्या नव्हत्या. सुदैवाने तिथे फक्त दोन वाहिन्यांची अदलाबदल करायची आहे, तेवढी करून ते चित्रण पुन्हा प्रसिद्ध करावे अशी विनंती मी केली आहे. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे अशी उलटी चित्रणे पडून आहेत त्यांनाही माझी तीच विनंती. मुले ती रोज पाहत आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक तबलाशिक्षक